मागच्यासारखीच

"काका, ह्या बारा परत आल्या."

बाईंनी बाटल्यांचे खोके माझ्या टेबलावर ठेवले आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या टेबलाच्या कडेला टेकून बोलत.

बाई म्हणजे आमच्या वाइनच्या तळघराच्या मालकीण. वडिलांच्या मागे त्यांनी वाइनचा कारभार हाती घेतला त्याला सहा वर्षे झाली होती. त्यांना मी फ्रॉकमध्ये पाहिलेले. म्हणून त्या मला काका म्हणत.

"कुठल्या दुकानातून आल्या?" मी विचारले.

"एक दुकान नाही, चार आहेत. चौघांचं म्हणणं एकच. गिऱ्हाईक बाटली उघडतं, एक घोट घेतं आणि परत आणून ठेवतं. काय झालं विचारलं तर धड सांगता येत नाही कोणाला. नुसतं म्हणतात, काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते तुम्ही सांगायचं ना काका. त्यासाठीच तर तुमची खुर्ची आहे."

मी एक बाटली उघडली. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहिला. लालभडक, कडेला जांभळी झाक, जशी असायला हवी तशी. ग्लासात नाक घातले. चेरी, आलुबुखार, किंचित मिरी आणि मागून स्पिरिटची ऊब. घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि बादलीत थुंकला. शेजारी मागच्या खेपेची नमुन्याची बाटली होती. तीही चाखली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"मागच्यासारखीच आहे," मी म्हणालो. "दुकानदारांनी उन्हात ठेवली असणार."

"चौघांनीही?"

मी बाटलीचे बूच परत दाबले. बाई दारातूनच बोलल्या.

"शनिवारी सहा नंबरची टाकी बाटल्यांत भरायची आहे. सगळी एकाच गिऱ्हाइकाने मागितली आहे. सतरा गावांत दुकानं आहेत त्यांची. तुम्ही हो म्हणालात की ती जाणार. आणि ती जर अशी परत आली, तर मला दाराला कुलूप लावावं लागेल काका. घाबरवत नाही तुम्हाला, आहे ते सांगते."

"तपासणीचे कागद काय म्हणतात?"

"अल्कोहोल बरोबर, साखर बरोबर, आंबटपणा बरोबर. कागदाला कुठे जीभ असते?"

त्या गेल्या. त्या बारा बाटल्या माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या. परत पाठवलेली वाइन मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

आमची रूबी, म्हणजे स्पिरिट घातलेली गोड लाल पोर्ट वाइन, काही थोरामोठ्यांची नव्हे. मोठ्या लोकांची पोर्ट वीस-वीस वर्षे पिंपात झोपते. आमची दोन-तीन वर्षांत उठते आणि कामाला लागते. द्राक्षांचा रस अर्धा आंबला की त्यात स्पिरिट ओततात. आंबणे तिथेच थांबते, गोडवा शिल्लक राहतो. मग दोन-तीन सालांची वाइन एकत्र करायची, म्हणजे एखादे साल चांगले, एखादे वाईट, हा भेद मिटतो. पिणारी माणसेही साधी. पाळी संपवून आलेली नर्स, बसचा चालक, एकटी राहून शिवणकाम करणारी बाई. त्यांना नवे काही नको असते. मागच्या आठवड्यात घेतली तीच ह्या आठवड्यात हवी असते. ती तशीच ठेवणे एवढेच माझे काम होते आणि ते मी सव्वीस वर्षांहून अधिक काळ करत होतो.

मी ह्या तळघरात आलो तो पिंपे लोटायला. वय एकवीस, अक्षरओळख नाही. एकदा उतारावरून पिंप नेताना मी जुन्या चाखणाऱ्याला म्हणालो, "ह्याला आतून फट असणार, व्हिनेगरचा वास येतोय." त्याने पिंप उघडायला लावले. फट होती. तेव्हापासून त्याने मला हाताखाली घेतले. पाच वर्षांनी एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्याच त्याची मान कलंडली. ती खुर्ची माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर त्याच्या वह्याही. त्यांत त्याने प्रत्येक खेपेची चव पानभर लिहून ठेवली होती. मला त्यातले एक अक्षर लागत नव्हते आणि तसे सांगायची लाज वाटत होती.

मग मी माझी रीत काढली. दर खेपेच्या दोन बाटल्या मेण लावून वरच्या कचेरीतल्या कपाटात ठेवायच्या. नवी खेप तयार झाली की मागच्या खेपेची एक बाटली उघडायची आणि दोन्ही शेजारी शेजारी चाखायच्या. सारख्या लागल्या की पास. दुसरी बाटली तीन वर्षे तशीच राहू द्यायची. ह्यात लिहायचे काय आणि वाचायचे काय? बाईंच्या वडिलांना ती रीत इतकी पसंत पडली की तो तळघराचा नियमच होऊन बसला.

पुढे लग्नानंतर बायकोने मला अक्षरे शिकवली. ती शाळेत शिकवायची. चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा वहीत लिहिले. पण तोवर लिहायला एकच शब्द उरला होता. खेपेचा आकडा, तारीख आणि पुढे 'मागच्यासारखीच'. कपाटभर वह्या आहेत. पानापानांवर तोच शब्द, फक्त अक्षर हळूहळू सुधारत गेलेले.

त्या संध्याकाळी नमुन्याच्या बाटलीत उरलेली वाइन मी घरी नेली. चाखण्याच्या दिवशी ती न्यायची, बायकोला एक लहान ग्लास भरून द्यायचा, ही आमची जुनी सवय. ती पूर्वी माझ्यासमोर बसून घ्यायची. अलीकडे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जायची. म्हणायची, कामे करता करता घेते.

मी पाणी प्यायला उठलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने नळ सोडला, भरलेला ग्लास मोरीत उलटा केला, धुतला आणि पालथा घातला. मग मनगटाने ओठ पुसले. ओठांना काही लागलेलेच नव्हते, तरी पुसले.

मी दोन पावले मागे सरलो आणि खुर्चीत येऊन बसलो. ती बाहेर आली.

"कशी होती?" मी विचारले.

"छान," ती म्हणाली. "मागच्यासारखीच."

मी पुढे काही विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहा नंबरच्या टाकीतली एक बाटली भरून घेतली आणि मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री आमच्या टाक्या आणि पिंपे बांधायचा. अडीच वर्षांपूर्वी तळघराच्या शेवाळलेल्या फरशीवरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला. तेव्हापासून घरीच होता. त्याची मुलगी आमच्याकडे बाटल्यांना लेबले लावते.

"ये नाकोबा!" त्याने खुर्चीतूनच आरोळी ठोकली. तळघरातले माझे हे नाव त्यानेच पाडलेले. "बाटली घेऊन आलास? माझी म्हातारी बाहेर गेलीय हे तुला कळलं कसं?"

"एक घोट घे आणि सांग."

"मी काय चाखणारा आहे? मी लाकूडवाला."

"म्हणूनच आलोय."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि थट्टा आवरली. कपात थोडी ओतली. कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. प्यायला नाही.

"खिडकी उघड," तो म्हणाला.

मी खिडकी उघडली.

"कुठली ही?"

"आपलीच. सहा नंबर."

"सहा नंबर मी बांधलीय. तिची फळीन् फळी मी निवडलीय." त्याने कपावर बशी झाकली. "तळघरात पाणी शिरलं होतं ते वर्ष आठवतं? पुठ्ठ्याची खोकी भिजून महिनाभर कोपऱ्यात पडली होती. त्यांचा वास आहे हा."

"वाइनला?"

"वाइनला. आणि रागावू नकोस, तुझ्या कोटालाही. तू दारातून आलास तेव्हाच आला. गेलं वर्षभर येतोय. मला वाटलं, म्हातारा झालास, धड आंघोळ करत नसशील. आता दोस्ताला ते तोंडावर कसं सांगायचं?"

मी बाही नाकाला लावली. मोठा श्वास घेतला. काही नाही. नुसते कापड.

"फरशी कशाने धुता रे हल्ली?" त्याने विचारले.

"ब्लीचच्या पाण्याने. दर शनिवारी. फरशी, टाक्या, सगळंच बाहेरून."

"लाकडाला ब्लीच? कुठल्या शहाण्याने सांगितलं?"

"मी," मी म्हणालो. "तू घसरलास तेव्हा मीच बाईंकडे जाऊन भांडलो. म्हटलं, शेवाळ दिसता कामा नये, उद्या कोणाचा जीव जाईल."

"म्हणजे माझ्या खुब्यापायी!" तो मोठ्याने हसला. मग हसू एकदम ओसरले. "जुनं लाकूड, बुरशी आणि ते पाणी. ह्या तिघांची गाठ पडली की हा वास निघतो आणि मग फळ्यांत, छतात, सगळीकडे मुरतो. माझ्या उस्तादाने शिकवलेली पहिली गोष्ट ही. तुमच्यापैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तू पलंगावर होतास."

"पलंगावर होतो. मेलो नव्हतो."

मग मी मला खरे विचारायचे होते ते विचारले. "मग मला का येत नाही?"

"त्याची खोडच ती आहे. तो आधी नाक मारतो. आत वावरणाऱ्याला अर्ध्या तासात येईनासा होतो आणि रोज वावरणाऱ्याला मुळीच येत नाही. दुसऱ्या एका तळघरात बघितलंय मी. सगळे आत उभे राहून वाइनचं कौतुक करत होते आणि मला दारातच मळमळत होतं." तो पुढे वाकला. "आणि तुझी ती रीत. नवी मागचीशी ताडायची, मागची तिच्या मागचीशी. दर खेपेला वास केसभर वाढला असेल, तर तुला कधी कळणार होतं?"

मी डोके खाली घातले.

"शनिवारपर्यंत तिकडे फिरकू नकोस," तो म्हणाला. "कोट बाहेर टाक. नाक परत येईल. शनिवारी धुतलेल्या कपड्यांत जा. दारातून आत गेल्यापासून अर्धा तास तुझा. काय ते त्यात बोलून मोकळा हो."

मी बाटली उचलली. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्याने हाक मारली.

"नाकोबा, माझी पोरगी तिथं आहे, लक्षात आहे ना?"

"आहे."

"तिच्या नवऱ्याला काम नाही सध्या."

"माहीत आहे मला."

"नाही, नुसतं म्हटलं." तो खिडकीबाहेर बघत होता. "आत जाऊन अर्धा तास गप्पा मारत बसलास आणि मग चाखलीस, तर तुझ्या तोंडून खोटंही निघणार नाही. एवढंच सांगतो." मग हात झटकत म्हणाला, "जा. मी काही बोललो नाही, समज."

मला ताप असल्याचे मी बाईंना कळवले आणि घरी राहिलो.

बुधवारी काहीच बदलले नाही. मला जरा हायसे वाटले. वाटले, मिस्त्रीला भ्रम झाला असेल. गुरुवारी सकाळी हात धुताना साबणाचा वास आला. साबणाला वास असतो हे मी विसरूनच गेलो होतो. मग एकामागून एक येऊ लागले. दाराच्या कडीचे पितळ तळहाताला लागले ते कळले. वर्तमानपत्राची शाई कळली. शेजाऱ्यांचे ओले कुत्रे जिन्यात दिसण्याआधीच कळले. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मला मात्र दर वासागणिक भीती वाटत होती. कोणीतरी एकेक पायरी चढून वर येत आहे आणि दार उघडल्यावाचून गत्यंतर नाही, असे काहीसे.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या गॅलरीत गेलो. कोट तिथे दोरीवर टाकला होता. मी चार हात लांब होतो, वाराही नव्हता, तरी तो आला. भिजलेला पुठ्ठा, बुरसटलेले फडके, कुठेतरी कोपऱ्यात विसरून कुजत राहिलेले काहीतरी. हा वास अंगावर घेऊन मी वर्ष-दोन वर्षे ह्या घरात जेवलो होतो, झोपलो होतो.

बायको धुतलेली चादर घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"कधीपासून ओततेस?" मी वळून न बघता विचारले.

काय ते तिने विचारले नाही. "दीड वर्ष होईल."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलू? तुम्ही चाखून, पास करून आणलेली. आख्ख्या तळघराचं नाक तुम्ही. मला वाटलं, माझीच चव गेली. मी डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले."

"कधी?"

"तुम्ही कामावर असताना. जीभ दाखवली, दात दाखवले. तो म्हणाला, आजी, सगळं ठणठणीत आहे. तरी मला त्याचं खरं वाटेना. म्हटलं, ह्याला काय कळतंय वाइनमधलं."

मला हसू आले.

"मग केव्हा खरं वाटलं?"

"तुमच्या कोटाला तोच वास यायला लागला तेव्हा." तिने चादर झटकली. "पण तोवर फार उशीर झाला होता हो. तुम्ही ग्लास भरून द्यायचात आणि निकाल ऐकायला बसल्यासारखे माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. त्या चेहऱ्याला मी काय सांगणार होते?"

चादरीची दोन टोके तिने माझ्या हातात दिली. आम्ही ती ताणून दोरीवर घातली.

"उद्या सांगावं लागेल," मी म्हणालो.

"सांगा."

"तळघर बंद पडेल. चाळीस माणसं आहेत."

"पडेल कदाचित."

"इतकी वर्षं ती मीच पास करत होतो, हेही सांगावं लागेल."

"ते आधी सांगा," ती म्हणाली, आणि चिमटे आणायला आत गेली.

शनिवारी सव्वानऊला मी तळघराचे दार ढकलले.

वास दबा धरून बसल्यासारखा अंगावर आला. घरात कोणी बरेच दिवस अंथरुणाला खिळून असावे आणि घरच्यांना त्याची सवय झालेली असावी, तसे ते तळघर वाटले. भिंतींतून येत होता, छताच्या तुळयांतून येत होता. आणि माणसे त्यात हसत-खेळत होती. एक जण टाकीला पाठ लावून पाव खात होता.

"काय काका, उतरला का ताप?"

"उतरला," मी म्हणालो आणि थांबलो नाही.

बाटल्या भरायचे यंत्र पुसून तयार होते. मिस्त्रीची मुलगी लेबलांचे गठ्ठे सोडत होती. मला पाहून ती गडबडली. "काका! बाबा म्हणाले, तुम्ही आज काही येणार नाही."

"तुझ्या बाबांना तसं वाटलं असेल, पोरी."

चार पायऱ्या वर, चाखण्याच्या खोलीत बाई वाट पाहत होत्या. मी बसायच्या आधीच बोललो. "वरच्या कपाटातल्या जपून ठेवलेल्या बाटल्या मागवा. तीन वर्षांच्या सगळ्या. लवकर."

"सगळ्या? सहा नंबर तर इथे काढून ठेवलीय."

"ती शेवटी."

नऊ बाटल्या आल्या. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पंचवीस झाले होते. मी त्या सालाप्रमाणे लावल्या, सर्वांत जुनी पहिली. नवीपासून मागे जात चाखले असते तर वास जुन्या बाटलीत खरोखर कमी आहे की माझेच नाक मिटत चालले आहे, हे मला कळले नसते. जुनीकडून नवीकडे जाताना मात्र, नाक मिटत असूनही वास वाढला, तर तो आहेच. उघड्यावर जाऊन बसण्यातही अर्थ नव्हता. वास हवेत होता तसा ग्लासांतही होता, तिथेही नाक मिटलेच असते.

पहिल्या बाटलीचे मेण फोडले. ग्लास नाकाशी नेला आणि माझा हात थांबला. चेरी. पण मी सोमवारी चेरी म्हणालो होतो ती ही नव्हे. ही झाडावरून आत्ता तोडलेली, दाताखाली फुटणारी. मागोमाग आलुबुखाराचा आंबटगोड गर, मिरीचा चटका, आणि घशात उतरणारी स्वच्छ ऊब. ही आमची रूबी. कामावरून दमून आलेले माणूस हिच्यासाठी दुकानात जात होते.

मी ती थुंकली नाही. गिळली.

"काका?" बाई म्हणाल्या.

"ही चांगली आहे," मी म्हणालो आणि पुढचा ग्लास घेतला.

दुसरी चांगली होती. तिसरीही. चौथीत चेरीच्या मागे काहीतरी हलल्यासारखे वाटले. पाचवीत ते स्पष्ट झाले. सातवीत फळ पुढे आणि पुठ्ठा मागे होता, नववीत पुठ्ठा पुढे आणि फळ मागे. मग सहा नंबरची. आधी गोडवा आला, आणि कोणीतरी ओला हात तोंडावर दाबावा तसा तो जागच्या जागी विझला.

मी ग्लास खाली ठेवला. नऊ छत्तीस.

"सहा नंबर नापास," मी म्हणालो. "आणि ह्या रांगेतल्या चौथीपासून पुढच्या सगळ्या सदोष आहेत. त्या पास केल्या मी. फरशीला ब्लीच लावायला लावलं तेही मीच. त्यातूनच हा वास लाकडात शिरलाय." आणि मिस्त्रीने सांगितलेले सारे त्यांना सांगितले.

बाईंनी सहा नंबरचा ग्लास उचलून नाकाशी धरला. पुन्हा धरला. "मला तर काही येत नाही."

"येणार नाही. तुम्ही रोज इथे असता."

"म्हणजे ह्यात तुमच्या शब्दाशिवाय माझ्या हातात काहीच नाही."

"नाही."

"आणि ह्याआधीच्याही तुमच्याच शब्दावर गेल्या."

"हो, बाई."

त्या खिडकीशी गेल्या. खाली यंत्राजवळ माणसे बाटल्या भरायला सुरुवात होण्याची वाट पाहत होती. कोणीतरी कोणाला तरी हाक मारून हसले. बाई तिकडे नुसत्या बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"काका, अजून एकदा चाखा. माझ्यासाठी."

घड्याळात नऊ बावन्न झाले होते. मी सहा नंबरचा ग्लास घेतला. नाक घातले. चेरी होती. आलुबुखार होता, मिरी होती, गोडवा होता. वाईट असे काही नव्हते. मी पुन्हा श्वास घेतला. मग माझी धुतलेली बाही नाकाला लावली. साबण गेला होता.

"कशी आहे?" बाईंनी विचारले.

खाली यंत्राची बटणे कोणीतरी उगीच चालू-बंद करून पाहत होते. माझ्या तोंडून आता जे निघेल ते खोटे नसणार, हे मला पक्के ठाऊक होते.

"छान लागते," मी म्हणालो. "अगदी छान लागते."

बाईंचे डोळे उजळले. "मग?"

"म्हणून आत्ताचं धरू नका. नऊ छत्तीसला जे म्हणालो ते धरा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली केली नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि खाली सांगितले, "भरू नका. यंत्र बंद करा." मग वही माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "लिहून द्या." चौथीपासून सहा नंबरच्या टाकीपर्यंतच्या सगळ्या खेपांचे मी लिहून दिले. दोन पाने लागली.

दुपारी सहा नंबरच्या टाकीच्या खालच्या नळाला पंप जोडून तो उघडला. वाइन आवारातल्या पन्हळीतून वाहत फाटकाबाहेरच्या गटाराकडे निघाली. माणसे भिंतीच्या कडेने उभी होती. मिस्त्रीची मुलगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने कामाचा ॲप्रन काढून त्याची घडी घातली होती.

"काका, सोमवारी यायचं का आम्ही?"

"माहीत नाही, पोरी."

घडी काखेत मारून ती, लाल पाण्यात पाय पडणार नाही असे बघत बघत फाटकाबाहेर गेली.

मी फाटकाशी उभा राहिलो. रस्त्यावरून एक पोस्टमन सायकलने आला. वाहत्या धारेपाशी उतरला, एका हाताने रुमाल नाकाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने सायकल उचलून पलीकडे नेली. त्याच्या मागून आलेल्या दोन बाया नाक दाबून लगबगीने समोरच्या बाजूला गेल्या.

धार माझ्या बुटांच्या अगदी जवळून जात होती. मला पिकलेल्या चेरीचा वास येत होता.